संबळ कुठे गेलं?

पत्र : आम्ही सहा जण आहोत. नाटक, कविता, शाहिरी यांत रमणारे आणि नोकऱ्या सांभाळून हे करणारे. नाशिक आणि आसपासच्या कलावंतांवर पॉडकास्ट सुरू केला आणि तीन भाग टाकले. महिन्यातून एकदा छोट्या सभागृहात कार्यक्रमही करतो, सत्तर-ऐंशी माणसं येतात. एकाच खटाटोपात दोन्ही व्हावं म्हणून गेल्या कार्यक्रमात साउंडवाल्यांच्या मिक्सरमधून वायर घेऊन रेकॉर्डिंग केलं. घरी ऐकलं तर बोलणं फाटलेलं, संबळ जवळजवळ गायब आणि टाळ्या पलीकडच्या गल्लीत वाजल्यासारख्या! फ्लॅटमध्ये घेतलेल्या मुलाखतींना विहिरीत बोलल्यासारखा घुमारा आहे. वर्गणीतून चाळीस हजार जमलेत. एक जण म्हणतो, भारी कंडेन्सर माइक घ्या. दुसरा म्हणतो, स्टुडिओ भाड्याने घ्या. कोणाचं ऐकायचं? शिवाय एका वयस्क शाहिरांची दीड तासाची मुलाखत फोनवर घेतलेली आहे. पंख्याच्या घरघरीने ती भरून गेली आहे. टाकावी की नको?
— गंगापूर रोडवरचे सहा जण

उत्तर : मंडळी, पैसे तूर्त खिशातच राहू द्या. आधी त्या संध्याकाळी काय बिघडलं ते बघू, कारण तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

बोलणं फाटलं ते वायरीमुळे. माइकमधून निघणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, काही मिलिव्होल्टचा. मिक्सरच्या मेन आउटमधून निघतो तो लाइन लेव्हलचा, म्हणजे एक व्होल्टच्या आसपास, शेकडो पटींनी मोठा. तुमच्या रेकॉर्डरचं इनपुट माइकसाठी केलेलं असणार. त्यात लाइनचा सिग्नल घातला की तो पहिल्याच टप्प्यावर कापला जातो. मग गेनचं बटण शून्यावर आणा नाहीतर एडिटिंगमध्ये आवाज निम्मा करा, फाटलेलं फाटलेलंच राहतं. कॉम्प्युटरवर लाटा मोठ्या करून बघा. शेंडे कात्रीने छाटल्यासारखे सपाट दिसले तर कारण हेच. उपाय स्वस्त आहे. रेकॉर्डरला लाइन इनपुट असेल तर तेच वापरा. नसेल तर मध्ये २० ते ४० डेसिबलचा पॅड (सिग्नल लहान करणारा जोड) किंवा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लाइनचा सिग्नल माइकएवढा करणारी डबी) लावा. डीआयचा आणखी एक फायदा म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून येणारी ५० हर्ट्‌झची 'हम्म' बहुतेक वेळा त्यानेच जाते. आणि मिक्सरची वायर ज्या चॅनलला येते त्या चॅनलचं ४८ व्होल्टचं फँटम (कंडेन्सर माइकला वायरीतूनच मिळणारी वीज) बंद आहे ना, ते आधी बघा.

संबळाची गोष्ट वेगळी आहे, त्यात चूक कोणाचीच नाही. ऐंशी माणसांच्या खोलीत संबळाला माइक लागतच नाही, ते भिंती हलवतं. त्यामुळे साउंडवाले त्याचा माइक लावत नाहीत किंवा जेमतेम उघडा ठेवतात, आणि बरोबरच करतात. पण मग मिक्सरमध्ये संबळ जातच नाही. मिक्सरमधून निघतं ते फक्त खोलीला जे कमी पडत होतं ते, म्हणजे बोलणाऱ्यांचे आवाज. उरलेलं हवेतून थेट लोकांच्या कानात जातं. टाळ्यांचंही तेच. त्यांच्यासमोर माइकच नव्हता, म्हणून निवेदकाच्या माइकला लांबून जेवढ्या ऐकू आल्या तेवढ्याच आल्या.

म्हणजे खोट 'एकाच खटाटोपात दोन्ही' या हिशेबात आहे. सभागृहातला आवाज खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी जुळवलेला असतो. पॉडकास्ट ऐकणारा द्वारका चौकात सिटीलिंकच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभा असतो. त्याला रंगमंच दिसत नाही आणि खोलीही ऐकू येत नाही. त्याच्यासाठी त्याच संध्याकाळी, पण वेगळं रेकॉर्डिंग करावं लागतं. हे पटलं तर काय घ्यायचं आणि काय नाही ते आपोआप ठरेल.

स्टुडिओ आत्ता नको. तुमचे पाहुणे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, बागलाणकडचे असणार. थाळगान करणाऱ्या (थाळीच्या नादावर कथा गाणाऱ्या) किंवा बोहाड्यातलं, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवातलं, सोंग नाचवणाऱ्या माणसाला काचेच्या खोलीत बसवलंत की तो निम्मा गप्प होतो. आणि बोलीभाषेत बोलणारा माणूस स्टुडिओत एकदम पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलायला लागतो. त्यापेक्षा सामान पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलेलं बरं.

कंडेन्सरही आत्ता नको. तो संवेदनशील असतो हे खरं, आणि नेमकी तीच अडचण आहे. टाइल्सच्या फ्लॅटमध्ये तो पाहुण्याबरोबर शेजारच्यांचा कुकर, लिफ्ट आणि गच्चीवरची पाण्याची मोटारही तितक्याच निष्ठेने टिपतो. तुम्हाला हवा साधा डायनॅमिक माइक, जो स्टेजवर गायक हातात धरतात तसल्या जातीचा. तोंडापासून एक मूठ अंतरावर. माइक आणि तोंडातलं अंतर निम्मं केलं की बोलणाऱ्याचा आवाज ६ डेसिबलने वाढतो आणि खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. एका वितीवरून मुठीवर आलात तर हे ६ डेसिबल फुकटात मिळाले. कोणताही महागडा माइक दोन हात लांब ठेवून एवढं देणार नाही.

चाळीस हजारांची ढोबळ वाटणी अशी करा. साधारण निम्मे पैसे चार माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर घेणाऱ्या छोट्या रेकॉर्डरवर. झूमचा पॉडट्रॅक पी४ हा त्यातला एक. चार एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या वायरीचे) इनपुट, चार हेडफोनची सोय, दोन पेन्सिल सेलवर चालतो, म्हणजे वीज गेली तरी काम थांबत नाही. दहा हजारांच्या आत-बाहेर चार साधे डायनॅमिक माइक. पाच-सहा हजारांत पाच-पाच मीटरच्या चार बॅलन्स्ड वायरी, चार स्टँड, माइकवरचे फोमचे टोपडे, कान झाकणारा एक हेडफोन, एक डीआय आणि ३२ जीबीचं कार्ड. उरलेल्याला हात लावू नका. पहिल्या दोन महिन्यांत एक वायर जाणार, एक स्टँड मोडणार हे धरून चाला. कार्डाची काळजी नको. ४४.१ किलोहर्ट्‌झ, १६ बिटवर एका ट्रॅकचे तासाला सुमारे ३१८ एमबी होतात. चार ट्रॅक आणि वर एक स्टिरिओ मिक्स धरला तरी दोन जीबीच्या आतच बसतं.

चारही माइक एकाच मिक्सवर नकोत, स्वतंत्र ट्रॅकवरच हवेत. पाहुणा बोलत असताना निवेदक खोकला, तर मिक्समधून तो खोकला कोणाच्या बापाला काढता येत नाही.

आता घुमारा. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ऐका. टाळीला शेपूट राहिली तर ती खोली नको. आरसीसीचा फ्लॅट, टाइल्स, सरकत्या काचा आणि रिकामी भिंत ही सगळ्यात वाईट जोडी. कोणाकडे जुन्या नाशकातल्या वाड्याचं माजघर असेल तर ते सोन्यासारखं: मातीने लिंपलेल्या जाड भिंती, ठेंगणं लाकडी छत, रस्त्याकडे खिडकी नाही. ते नसेल तर गाद्या-कपाटांनी भरलेली झोपायची खोली. बैठकीची खोली दिसायला छान, ऐकायला नाही.

गोधड्या टांगायच्या कुठे, यात हमखास गल्लत होते. लोक त्या माइकच्या मागे टांगतात. पण हा माइक समोरचं ऐकतो, म्हणजे बोलणाऱ्याचं तोंड आणि त्याच्या पाठीमागची भिंत. तेव्हा जाड गोधडी बोलणाऱ्याच्या पाठीमागे, भिंतीपासून वीतभर सोडून. खाली सतरंजी. मध्ये टेबल असेल तर त्यावर घडी घातलेला टॉवेल, नाहीतर आवाज टेबलावर आपटून माइकमध्ये परत येतो आणि बोलणं पत्र्याच्या डब्यातलं वाटतं. दोन माणसांच्या माइकमध्ये अंतर ठेवताना एक सोपं गणित आहे: तोंडापासून माइक जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट लांब दुसरा माइक. माइक मुठीवर असेल तर हे आपोआप जमतं. हातभर लांब ठेवलात तर माणसांना खोलीच्या दोन टोकांना बसवावं लागेल.

वेळ दुपारी दोन ते चार. सकाळी पाण्याच्या मोटारी, संध्याकाळी आरत्या. पंचवटीत तर घंटा कोणत्याही क्षणी वाजेल, आणि सिंहस्थाच्या दिवसांत तिथे रेकॉर्डिंगचा बेतच आखू नका. पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये हे माणुसकीला धरून नाही, म्हणून पंधरा मिनिटं बोलणं, मग पाच मिनिटं पंखा आणि पाणी. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. निघताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायची आठवण होईल, आणि यजमानांचं दूध नासणार नाही. फोन सायलेंटवर ठेवून भागत नाही, विमान मोडवर टाका. वायरीजवळ फोन असला की कधी कधी टक-टक-टर्र असा आवाज घुसतो.

सुरू करण्यापूर्वी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं आणि रेकॉर्डर चालू ठेवायचा. रिकाम्या खोलीचे हे ३० सेकंद नंतर दोन कामांना येतात: गोंगाट कमी करताना नमुना म्हणून आणि कापलेल्या जागा बुजवताना ठिगळ म्हणून. मग लेव्हल. पाहुण्यांना 'एक, दोन, तीन' म्हणायला लावू नका, त्यावेळी सगळे हळू बोलतात. सकाळी काय खाल्लंत ते विचारा, किंवा त्यांना एक ओळ म्हणून दाखवायला सांगा. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास यावा, कारण हसताना तो आणखी वर जाणार आहे.

मराठीचा स्वतःचा एक उपद्रव आहे. फ, भ, ख, घ, थ, ध या महाप्राणांबरोबर हवेचा झोत निघतो. माइक नाकासमोर सरळ असेल तर 'भारूड'चा भ दणका देऊन येतो. माइक ओठांच्या कोपऱ्याकडून तिरका धरा, झोत बाजूने निघून जातो. तपासायला 'फांदीभर फुलं फुलली' असं काहीतरी म्हणून घ्या. आणि सहांतल्या एकाने फक्त हेडफोन लावून ऐकायचं. प्रश्न विचारायचा नाही, फोटो काढायचा नाही. वायर सैल असल्याची खरखर तिथल्या तिथे त्यालाच कळते, बाकीच्यांना चार दिवसांनी.

आता कार्यक्रम. कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह असो, सार्वजनिक वाचनालयाचं औरंगाबादकर सभागृह असो की एखाद्या शाळेचा हॉल, आदल्या दिवशी साउंडवाल्यांना फोन करून नेमकं वाक्य सांगा: "मेन आउट नको, रेकॉर्डिंगसाठी एक ऑक्स द्या, प्री-फेडर." ऑक्स म्हणजे मिक्सरमधून निघणारी वेगळी वाट, आणि प्री-फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाच्या, फेडरच्या, आधीची. मग त्यांनी खोलीसाठी फेडर कितीही वर-खाली केले तरी तुमच्याकडे येणारा आवाज स्थिर राहतो. हे वाक्य कार्यक्रमाच्या आधी पाच मिनिटं सांगितलंत तर 'हो हो, देतो' म्हणून हातात पुन्हा मेन आउटच पडेल.

तुमच्या चार ट्रॅकची वाटणी अशी: पहिल्यावर ऑक्समधून येणारे बोलण्याचे आवाज, अर्थात डीआयमधून. दुसऱ्यावर संबळाचा स्वतःचा माइक, जो फक्त तुमच्या रेकॉर्डरला जातो, स्पीकरला नाही. तिसऱ्या-चौथ्यावर प्रेक्षक.

संबळ जवळून बघा. दोन कुंड्या, एकीवर सरळ काडी, दुसरीवर टोकाला वाकडी. दोहोंचा नाद वेगळा, आणि वाजवणारा ते कमरेला किंवा गळ्यात अडकवून हलत असतो. माइक एका कुंडीच्या तोंडाशी नेलात तर दुसरी हरवते. दोन्हींच्या मधोमध, वरून दीड-दोन विती उंचीवर, किंचित वाजवणाऱ्याकडे झुकवून ठेवा, आणि त्याच्या पायाशी खडूने खूण करा म्हणजे तो फार सरकणार नाही. लेव्हल लावताना उणे १८ च्या वर जाऊ देऊ नका. रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवणारा माणूस आणि ऐंशी माणसांसमोर वाजवणारा माणूस एक नसतो. नाशिक ढोल आणायचा विचार असेल तर माइक निदान चार हात लांब न्या, किंवा सरळ प्रेक्षकांच्या माइकवरच सोडा.

प्रेक्षकांसाठी लोक सभागृहाच्या मागच्या भिंतीशी माइक लावतात. तिथे आवाज उशिरा पोचतो, दहा मीटरला सुमारे २९ मिलिसेकंद. बोलण्याच्या ट्रॅकशी तो जुळत नाही आणि सगळं दुहेरी ऐकू येतं. मागे लावायचाच असेल तर कार्यक्रमाच्या सुरुवातीला स्टेजवरून एक कडक टाळी वाजवा आणि एडिटिंगमध्ये दोन्ही ट्रॅकवरच्या त्या टाळीची टोकं जुळवा. पण चांगला उपाय म्हणजे रंगमंचाच्या पुढच्या कडेला, डाव्या-उजव्या कोपऱ्यात, तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ कलाकारांकडे करून दोन माइक लावणं. आणि मंडळी, इथे तुमच्या त्या पहिल्या मित्राचं खरं ठरतं. लांबचं हलकं हसू, एखादी 'वाहवा' डायनॅमिकला नीट ऐकू येत नाही, या कामाला छोटे कंडेन्सरच शोभतात. विकत नका घेऊ, साउंडवाल्यांकडून एका संध्याकाळीपुरती जोडी भाड्याने मागा, आणि त्या दोन चॅनलना मात्र फँटम चालू.

शिट्टी, म्हणजे फीडबॅक, हा सभागृहाचा आजार. तो रेकॉर्डिंगलाही लागतो. स्पीकर माइकच्या रेषेच्या पुढे हवेत, मागे नकोत. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. पाच कवी स्टेजवर बसले आणि पाचही माइक उघडे, ही शिट्टीला अक्षतच. ज्याची पाळी त्याचाच उघडा. माइकची जाळी मुठीत धरायची सवय मोडा. मूठ बसली की तो फक्त समोरचं ऐकायचा धर्म सोडतो आणि चारी बाजूंचं ऐकायला लागतो, स्पीकरचंसुद्धा. कलाकारासमोर मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) ठेवणार असाल तर बहुतेक स्टेज माइकसाठी तो थेट माइकच्या शेपटीच्या दिशेला हवा.

निवेदकाला एक वेगळी तालीम द्या. प्रेक्षकांतून आलेला प्रश्न दरवेळी स्वतःच्या माइकवर पुन्हा म्हणायचा. "हे बघा, असं" म्हणून शाहिरांनी काडी उचलून दाखवली की लगेच जोडायचं: "काडीचं टोक वळवलेलं आहे, आकड्यासारखं." सभागृहातल्यांना ते वावगं वाटत नाही, उलट मागच्या रांगेला मदतच होते. टाळ्या चालू असताना बोलायचं नाही; त्या ओसरल्या, दोन सेकंद गेले की मग. ते दोन सेकंद एडिटिंग करणाऱ्यासाठी. नाशिकचा श्रोता वसंत व्याख्यानमालेत मे महिन्याच्या उकाड्यात गोदाकाठी बसून ऐकणारा आहे, दोन सेकंदांच्या शांततेने तो उठून जात नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, अर्ज स्थानिक पोलीस ठाण्यात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरायला ही वेळेची आडकाठी नाही, पण घाटावर किंवा सोसायटीच्या पटांगणात आहे. नाट्यप्रवेश करणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र आहे का ते बघा.

कवितांच्या हक्कांबाबत मात्र सावध राहा, कारण इथे कार्यक्रम आणि पॉडकास्ट यांचे कायदे वेगळे पडतात. हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर कविता, नाटक वा संगीत सादर करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ मुभा देतं. तिकीट लावलंत की ती मुभा गेली. आणि विनातिकीट असलं तरी त्याचं रेकॉर्डिंग जगभर वाटायची मुभा त्यात नाही. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं टिकतो. कुसुमाग्रज गेले १९९९ मध्ये, म्हणजे त्यांच्या कवितांचे हक्क २०५९ अखेरपर्यंत आहेत. २७ फेब्रुवारीला सभागृहात म्हटलेली त्यांची कविता भागात घ्यायची तर हक्कधारकांची परवानगी घ्या, नाहीतर तेवढा तुकडा कापा. पारंपरिक गौळण किंवा गण कोणाच्या मालकीचा नसतो, पण तो गाणाऱ्याचा त्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क असतो. त्यासाठी अर्ध्या पानाचा कागद पुरतो: नाव, तारीख, काय सादर केलं, कुठे कुठे प्रसिद्ध होणार, मानधन किती, आणि नको वाटल्यास भाग काढून घेण्याची सोय. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि ते वाचणंही रेकॉर्ड करा. सुरुवातीची धून सिनेमाच्या गाण्यातली नको. तुमच्याच संबळवाल्यांकडून २० सेकंद वाजवून घ्या, आणि त्याचे पैसे वेगळे द्या.

एडिटिंगला फुकटचं ऑडॅसिटी पुरेल. क्रम बदलू नका: आधी ८० हर्ट्‌झच्या खालचं कापा, पण फक्त बोलण्याच्या ट्रॅकवरचं, संबळाचं कापलंत तर त्याचं पोट जातं. मग त्या ३० सेकंदांच्या नमुन्यावरून नॉइज रिडक्शन, ६ डेसिबलपुरतं. मग कापाकापी, त्यानंतर कॉम्प्रेसर, सर्वांत शेवटी लाउडनेस. कॉम्प्रेसर आधी चालवलात तर तो हळू आवाज वर उचलतो, आणि त्याबरोबर गोंगाटही. नुसत्या बोलण्याचा भाग मोनोमध्ये, उणे १९ एलयूएफएस (आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप), ६४ केबीपीएसचा एमपी३. तासाचा भाग २९ एमबीच्या आत बसतो आणि सुरगाण्याच्या पाड्यावर, रेंज येते-जाते तिथेही उतरतो. संबळ आणि टाळ्यांचा कार्यक्रम स्टिरिओत, उणे १६, १२८ केबीपीएस. शिखर दोन्हीकडे उणे १ च्या वर नको. प्रत्येक 'म्हणजे' आणि 'काय ना' कापत बसू नका, माणूस यंत्रासारखा बोलायला लागतो. तासाभराच्या रेकॉर्डिंगला चार तास बसावं लागेल असं धरा, आणि हे काम एकाच गरिबावर टाकू नका.

एक घरगुती सूचना. पॉडकास्टचं खातं मंडळाच्या नावाच्या ईमेलवर उघडा आणि पासवर्ड दोघांकडे ठेवा. उत्साहाच्या भरात ते एकाच्या खासगी ईमेलवर उघडलं जातं. तो पुण्याला बदलून जातो, नाहीतर त्याचं-तुमचं बिनसतं, आणि सगळे भाग त्याच्याबरोबर जातात. चित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, नाव देवनागरीत आणि मोबाइलवर नखाएवढं दिसलं तरी वाचता येईल एवढं ठळक.

राहिली शाहिरांची मुलाखत. ती टाका, पण दीड तास सलग नको. पंख्याची घरघर एकसारखी असते, त्यामुळे ती ६ ते ९ डेसिबल उतरवता येते. त्याहून जास्त उतरवलीत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि आधी श, स, ह जातात. शाहिरांच्या तोंडचा ह गेला तर मग राहिलं काय? घुमारा मात्र कशानेही पुरता जात नाही, त्याच्या मागे लागू नका. सगळं ऐकून कागदावर उतरवा, त्यातले दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे तुकडे निवडा आणि मधला दुवा निवेदकाने स्वच्छ आवाजात जोडावा. बारा-पंधरा मिनिटांचे तीन भाग होतील. आधीच सांगून टाका की रेकॉर्डिंग फोनवरचं आहे. कान एकदा तयार झाला की श्रोता घरघर माफ करतो. मूळ फाइल मात्र न छेडता दोन ठिकाणी जपून ठेवा, त्यातली एक प्रत त्यांच्या घरच्यांकडे.

आणि नवं सामान आलं की पहिली फेरी त्यांच्याकडेच. पाऊस लागायच्या आत जा, कारण घर पत्र्याचं असेल तर जूननंतर चार महिने तिथे काही ऐकू येणार नाही. माइक दोनच न्या, सेल नवे, कार्ड रिकामं. जुनेच प्रश्न पुन्हा विचारू नका. ते मुलाखतीत ज्या पोवाड्याची दोनच कडवी म्हणून थांबले असतील, तो पुरा म्हणायची विनंती करा.